पर्पल हार्ट : पराक्रमाचं पदक की मार लागल्याचं?

हडसनकाठचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सासूसासरे सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. सासऱ्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात काढलेली, त्यामुळे मॉल, आउटलेट, नायगरा यात त्यांना काडीचा रस नाही. "काहीतरी बघण्यासारखं दाखवा" हा एकच धोशा. म्हणून शनिवारी डबा बांधून तास-दीड तासावरच्या न्यू विंडसरला गेलो. हडसन नदीच्या काठाजवळचं गाव आहे, तिथे पर्पल हार्ट हॉल ऑफ ऑनर म्हणून संग्रहालय आहे, २००६ साली उघडलेलं. लढाईत जखमी झालेल्या किंवा मेलेल्या अमेरिकन सैनिकाला मिळणारं ते जांभळं हृदयाच्या आकाराचं पदक, त्याचं हे संग्रहालय.

तिथे एक म्हातारे स्वयंसेवक होते, स्वतः पदकवाले. सासऱ्यांनी एका पदकाकडे बोट दाखवून त्यांना विचारलं, हे कशासाठी मिळालं? ते म्हणाले, कोरियात खांद्याला गोळी लागली म्हणून. सासरे म्हणाले ते कळलं, पण त्याने केलं काय? म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, काही नाही, त्याला गोळी लागली. सासरे माझ्याकडे वळून मराठीत, "म्हणजे मार खाल्ल्याचं पदक! मग आमच्या मास्तरांनी मला चौथीपर्यंत चारपाच तरी द्यायला हवी होती." मला त्या माणसासमोर हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना आणि वाचायला बसलो तर गंमत अशी निघाली की सासऱ्यांचा प्रश्न अगदीच वेडगळ नाहीये, कारण हे चिन्ह सुरू झालं तेव्हा त्याचा जखमेशी संबंधच नव्हता.

१७८२ चा उन्हाळा, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू. यॉर्कटाउनला इंग्रज हरून वर्ष होत आलेलं पण तह झालेला नाही, त्यामुळे सैन्य मोडता येत नाही आणि पगार द्यायला पैसे नाहीत. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम न्यूबर्गला, म्हणजे या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर. कोणी मर्दुमकी गाजवली तर त्याला बढती देऊन अधिकारी करावं हा नेहमीचा मार्ग, पण वरून काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) तेही थांबवलेलं, कारण परत पैसे. तेव्हा ७ ऑगस्टला वॉशिंग्टनने हुकूम काढला की जो शिपाई काही खास कामगिरी करेल त्याने डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचं किंवा रेशमाचं हृदय लावावं, कडेने बारीक लेस. हे लावलेल्या माणसाला पहारेकऱ्याने अधिकाऱ्यासारखं अडवल्याशिवाय जाऊ द्यायचं. आणि खोटं लावून मिरवेल त्याला कडक शिक्षा. त्या काळात युरोपातल्या सैन्यात पदकंबिदकं सरदार-सेनापतींची मक्तेदारी, हे मात्र साध्या शिपायासाठी.

मिळालं किती जणांना? नावं सापडतात ती फक्त तीन, तिघेही कनेक्टिकटचे सार्जंट : एलायजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल. चर्चिलने लाँग आयलंडवरच्या इंग्रजांच्या दोन किल्ल्यांवर छापे घातले होते. बिसेलची गोष्ट तर सिनेमाची आहे, तो वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून पळपुटा असल्याचं सोंग करून शत्रूच्या गोटात गेला आणि बेनेडिक्ट अर्नोल्ड या नामचीन गद्दाराच्याच पलटणीत वर्षभर राहून हेरगिरी करून आला. म्हणजे ज्याची ओळख लपवण्यात सगळी कर्तबगारी त्याला छातीवर लावायला बिल्ला. त्याचा बिल्ला पुढे घराला आग लागली त्यात गेला म्हणे.

नंतर युद्ध संपलं, सगळे आपापल्या शेतावर गेले, आणि हे चिन्ह कोणी रद्द केलं नाही की कोणाला दिलंही नाही. जवळजवळ दीडशे वर्षं नुसतं विस्मरणात. पहिल्या महायुद्धानंतर समरॉल नावाच्या लष्करप्रमुखाने ते परत आणायचा एक प्रयत्न केला तो बारगळला. मग त्या खुर्चीत डग्लस मॅकआर्थर आला आणि त्याने वॉशिंग्टनच्या २०० व्या जयंतीचा मुहूर्त धरून २२ फेब्रुवारी १९३२ ला ते पदक म्हणून पुन्हा चालू केलं. पहिल्या क्रमांकाचं पदक कोणाला मिळालं ओळखा. बरोब्बर, मॅकआर्थरलाच.

फोटो धड आले नाहीत, काचेवर सगळीकडे माझाच चेहरा आलाय. जाणकारांनी भर घाला.

चिंचेचं_बोटुक

मस्त लिहिलंय! सासऱ्यांना आमच्याकडून दंडवत, त्यांच्यावर वेगळा धागा काढा.

एक बाळबोध शंका, १९३२ ला परत आणलं तेव्हा ते जखमींसाठी झालं का? कारण तुम्ही लिहिलंय त्यात तो सांधा कुठे जुळतोय ते कळलं नाही.

नाणेवेडा

शंका बाळबोध नाहीये, मुद्द्याची आहे आणि धागाकर्त्याने तीच जागा घाईत उरकलीय :)

१९३२ मध्ये ते अर्धवट जखमींसाठी झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन जखमींना पदक नव्हतं, बाहीवर खाली, उजव्या हाताला, सोनेरी जरीची व्ही शिवायची, एका जखमेला एक. ती पट्टी असलेल्यांना सांगितलं की अर्ज करा आणि पर्पल हार्ट घ्या. पण त्याच बरोबर ज्यांना युद्धात सेनापतीकडून उत्तम कामगिरीचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं त्यांनाही तेच पदक. म्हणजे दोन्ही रांगा एकाच खिडकीवर. आणि फक्त भूदलाला, आरमाराला नाही, आणि फक्त जिवंत असलेल्यांना. मेलेल्यांना द्यायचं नाही असं मॅकआर्थरचंच म्हणणं होतं, ते १९४२ मध्ये बदललं. त्याच वर्षी कामगिरीसाठी लीजन ऑफ मेरिट नावाचं वेगळं पदक निघालं, आरमार आणि मरीन्सही आत आले, आणि तेव्हापासून पर्पल हार्ट म्हणजे जखम किंवा मरण, बाकी काही नाही.

आता डिझाईनवर लिहितो कारण माझा जीव त्यात आहे. रेखाटन एलिझाबेथ विल या बाईंचं, लष्कराच्या क्वार्टरमास्टर खात्यात त्या चिन्हं-बोधचिन्हं काढायचं काम करायच्या. मग तीन शिल्पकारांकडून प्लास्टरचे नमुने मागवले आणि १९३१ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया टांकसाळीच्या जॉन सिनॉकचा पसंत पडला. हा सिनॉक म्हणजे अमेरिकन १० सेंटच्या नाण्यावर रूझवेल्टचा चेहरा आहे ना, तो ज्याने केला तो. नाणेवाल्यांना त्याचं नाव पाठ असतं, पदकाचं फारसं कोणाला माहीत नसतं.

पदक सुमारे ३५ मिमी रुंद, सोनेरी कड, आत जांभळं हृदय, त्यावर स्वातंत्र्ययुद्धातल्या कॉन्टिनेंटल आर्मीच्या गणवेशातला वॉशिंग्टन बाजूने. वर ढाल दिसते ती वॉशिंग्टन घराण्याची, पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, दोन्ही बाजूंना हिरवी पानं. राजाशी लढून देश काढला आणि पदकावर खानदानी ढाल, असो. रिबीनही ३५ मिमीच, सगळी जांभळी आणि दोन्ही कडांना जेमतेम ३ मिमी पांढरी रेघ. इतकी साधी रिबीन क्वचित बघायला मिळते आणि म्हणून ती छातीवरच्या पंधरा रिबिनींत लांबून ओळखू येते. जुन्या पदकांत जांभळा भाग खऱ्या मीनाकामाचा, युद्धात घाऊक उत्पादन सुरू झाल्यावर प्लॅस्टिक आलं. हातात धरलं की फरक कळतो, मीनाकाम गार लागतं.

आणि आता सासऱ्यांसाठी. मागच्या बाजूला काय कोरलंय माहितेय का? "फॉर मिलिटरी मेरिट". म्हणजे लष्करी कर्तबगारीबद्दल. १९४२ ला नियम बदलला, मजकूर बदलला नाही, आजही तोच आहे.

कोरडा_ठाक

नाणेवेडा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण वगैरे, पण मला सासरे पटतात.

एका खंदकात दोघे बसलेत, तोफगोळ्याचा तुकडा एकाच्या दंडात घुसला, दुसऱ्याच्या कानाजवळून गेला. पहिल्याला पदक दुसऱ्याला नाही. यात कर्तबगारी कुठली आली? नशिबाचा भाग आहे हा. शिवाय पर्पल हार्टसाठी कोणी शिफारस करावी लागत नाही, जखम शत्रूमुळे झाली आणि डॉक्टरने उपचार केल्याची नोंद झाली की तो तुमचा हक्क. हक्क असेल तर मग ती भरपाई झाली, सन्मान कसला. भरपाई द्यायची तर पेन्शन द्या, रंगीत पत्रा कशाला.

शाईचा_डाग

कोरडा, तुमच्या "नशिबाचा भाग" ला जर्मन लोकांनी किती शिस्तीत कोष्टकात बसवलं ते सांगतो, मी ग्राफिक डिझायनर आहे आणि कॉलेजात असताना एका असाइनमेंटसाठी या बिल्ल्यांचा नाद लागला होता.

कैसर विल्हेल्म दुसरा, ३ मार्च १९१८, म्हणजे युद्ध हरायच्या जेमतेम आठ महिने आधी, त्याने जखमींचा बिल्ला काढला. तीन रंग. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला रुपेरी, पाच किंवा जास्त असतील तर सोनेरी. लंबगोल, कडेने लॉरेलच्या पानांची माळ, मधे लोखंडी शिरस्त्राण आणि त्यामागे दोन आडव्या-तिरक्या तलवारी. आरमारासाठी वेगळा, शिरस्त्राणाऐवजी नांगर आणि पानांऐवजी साखळी. डिझाईन म्हणून बघाल तर अमेरिकन पदकापेक्षा हे कितीतरी सरस आहे, प्रामाणिकपणे सांगतो. एकच ठसा, तीन रंग, दहा फुटांवरून कळतं हा माणूस किती वेळा फुटलाय. जखम कुठेही दाखवली नाही, रक्त नाही, हृदय नाही. ज्या टोपीने डोकं वाचवायचं तीच मधोमध. आणि कापड-रिबीन नाही, डाव्या छातीवर सरळ पिन, त्यामुळे रोजच्या लढाईच्या गणवेशावर पण लावता यायचा.

पण वाचत गेलो तसं अंगावर आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा काढला, शिरस्त्राणावर स्वस्तिक घालून, आणि नियम असा की हात, पाय किंवा डोळा गेला तर जखमांची संख्या न मोजता थेट रुपेरी, दोन्ही डोळे गेले तर थेट सोनेरी. कुठल्या तरी कचेरीत बसून कोणीतरी हे ठरवलं असेल ना, की एक डोळा म्हणजे तीन जखमा. नंतर बाँबहल्ल्यात जखमी झालेल्या नागरिकांनाही द्यायला लागले, १९४३ पासून.

हिटलरकडे स्वतःचा काळा होता, १९१८ च्या मे महिन्यात मिळालेला. आणि २० जुलै १९४४ ला ज्याने त्याच्या टेबलाखाली बाँब ठेवला तो कर्नल श्टाउफेनबर्ग, ट्युनिशियात एक डोळा, उजवा पंजा आणि डाव्या हाताची दोन बोटं गमावलेला, त्याच्याकडे सोनेरी. दोन बाँब आणले होते पण तीन बोटांनी घाईघाईत दुसरा सज्ज करायला जमलं नाही, एकच ठेवला. हिटलर वाचला आणि त्याने काय करावं, त्या खोलीत जखमी झालेल्यांसाठी खास बिल्ला पाडून घेतला, शिरस्त्राणाखाली तारीख आणि स्वतःची सही. सोनेरी बिल्लेवाल्याने केलेल्या जखमांसाठी नवीन बिल्ले.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५७ ला कायदा करून जुन्या सैनिकांना हे बिल्ले स्वस्तिक काढलेल्या रूपात लावायची परवानगी दिली. ठसा तोच, फक्त टोपी कोरी.

चिंचेचं_बोटुक

बापरे. "एक डोळा म्हणजे तीन जखमा" वाचून हातातला चहा गार झाला.

मावळतीचा_मारुती

धागा उत्तम. अवांतर : फिलाटेलीवाल्यांसाठी, अमेरिकेने २००३ मध्ये पर्पल हार्टचं ३७ सेंटचं तिकीट काढलं होतं, माझ्याकडे वापरलेली बारा आहेत, भाच्याने पाकिटांवरून सोडवून दिलेली. अदलाबदल करायची असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, युद्ध-बिद्ध फार कळत नाही, पण कोरडा_ठाक यांच्या मुद्द्यावर एक खरी गोष्ट आठवली, आमच्या ट्रेनिंगमध्ये नर्सिंगच्या इतिहासात होती.

ॲनी फॉक्स. जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला तेव्हा शेजारच्या हिकम फील्ड या विमानतळाच्या हॉस्पिटलात मुख्य परिचारिका. हॉस्पिटल नवीनच उघडलेलं, हाताशी माणसं मोजकी, बाहेर बाँब पडतायत, आणि या बाई भूल देण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळं करत होत्या, शिवाय आलेल्या नागरिक बायकांना ड्रेसिंग करायला शिकवत होत्या. १९४२ मध्ये त्यांना पर्पल हार्ट मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. आणि मग नियम बदलला. त्यांना जखम झालीच नव्हती! म्हणून १९४४ मध्ये त्यांचं ते पदक बदलून ब्राँझ स्टार हे दुसरं पदक देण्यात आलं.

आता सांगा, जखम नाही म्हणून ते पदक काढलं, म्हणजे एका परीने नियमाला धरूनच. पण मागच्या बाजूला कर्तबगारीबद्दल असं लिहिलेलं पदक, ज्या बाईंकडे नुसती कर्तबगारीच होती, त्यांच्याकडून बदलून घेतलं. मला हे वाचून तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

कोरडा_ठाक

रात्रपाळी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना, की शेवटी मोजतात ते शरीर, काम नाही.

नाणेवेडा

मोजतात हे खरं, पण मोजणं सुद्धा सरळ नाही हो. काय धरायचं काय नाही याची यादी वाचा कधी. बर्फात पाय सडला, उष्माघात झाला, अन्नातून विषबाधा झाली, नाही. स्वतःच्याच सैन्याची गोळी लागली, आधी नाही, मग १९९३ मध्ये कायदा करून, शत्रूवर झाडताना चुकून लागली असेल तर हो.

आणि तो पाच लाखांचा किस्सा राहिलाच. १९४५ ला जपानच्या बेटांवर उतरायचं ठरत होतं, त्यात किती माणसं जायबंदी होतील याचा हिशोब करून आधीच पदकं पाडायला घेतली, सगळी मिळून ५ लाखांच्या आसपास शिल्लक राहिली. अणुबाँब पडले, जपान शरण आलं, उतरावंच लागलं नाही. मग कोरिया, व्हिएतनाम, नंतरच्या मोहिमा बहुतांशी त्याच साठ्यातून भागल्या, आणि २००३ साली सुद्धा त्यातली लाखाच्या वर शिल्लक होती. म्हणजे इराकमध्ये जखमी झालेल्या विशीतल्या पोराच्या छातीवर जे लागलं ते त्याच्या आजोबांच्या पिढीसाठी पाडलेलं असू शकतं, जपानच्या कुठल्यातरी किनाऱ्यावर जे घडलंच नाही त्यासाठी.

हडसनकाठचा

हे संग्रहालयात कोणी सांगितलं नाही! (किंवा सांगितलं असेल, मी पार्किंगचं बघत होतो.)

तिथे अजून एक कळलं ते लिहायचं राहिलं, आजवर अंदाजे १८ लाख पदकं दिली गेली असं म्हणतात पण पूर्ण यादी कोणाकडेच नाही. १९७३ मध्ये सेंट लुईसला सैनिकांच्या कागदपत्रांच्या कोठाराला आग लागली त्यात दीड कोटीच्या वर फायली जळाल्या. म्हणून संग्रहालयवाले लोकांनाच विनंती करतात, घरातल्या कोणाला मिळालं असेल तर कागद घेऊन या, नाव चढवतो. संगणकावर नाव टाकून शोधता येतं, आमच्या शेजारी एक बाई वडिलांचं नाव शोधत होती, स्पेलिंग तीनदा बदलून बघितलं तिने.

सातारी_कंदी

यादीचं निघालंय म्हणून लिवतो. आमच्याकडं साताऱ्याच्या बाजूला गावागावात पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या हायेत, चावडीवर नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेल्या. इंग्रज सरकारनं लावलेल्या, सगळीकडं मजकूर एकाच साच्यातला : या गावातनं एवढी माणसं महायुद्धावर गेली, त्यातल्या एवढ्यांनी प्राण दिले. अपशिंगे मिलिटरीला तर स्मारकच हाय, त्या एका गावची ४६ माणसं गेली. पण बघा, गेलेले किती आणि मेलेले किती एवढंच, मधला आकडाच न्हाई. हात तुटून आला, वायू फुफ्फुसात घेऊन आला, आंधळा होऊन आला, तो कुठल्या ओळीत? परत आला म्हंजे वाचला, संपलं. पाटीपुरता तो धडधाकटच.

आमच्या पणज्याबद्दल घरात एवढंच ठाऊक की इराकात बसऱ्याला गेलेला आणि आला तवा डाव्या पायानं लंगडत आला. बिल्ला कसला न्हाई. शेतीच्या कामाला उपयोगाचा राह्यला न्हाई म्हणून आजीची सासू त्याला बोलायची, ह्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.

ओवी_२२

सातारी, काय लिहिलंत हो. मधला आकडा हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

त्याच काळात विलायतेत नेमकं उलटं झालं होतं ते सांगते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फोकस्टनला एका निवृत्त ॲडमिरलने तीस बायका जमवल्या आणि साध्या कपड्यात फिरणाऱ्या तरुण पुरुषांना पांढरं पीस द्यायला लावलं, पांढरं पीस म्हणजे भित्रा. ते लोण देशभर पसरलं. आता साध्या कपड्यात फिरणाऱ्यांत जखमी होऊन घरी पाठवलेलेही होतेच की, बाहेरून दिसत नाही अशी जखम असलेले. त्यांनाही ट्राममध्ये पिसं. म्हणून १९१६ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने चांदीचा गोल बिल्ला काढला, सिल्व्हर वॉर बॅज, जखमेमुळे किंवा आजारामुळे सैन्यातून सोडलेल्यांसाठी. मधे राजाची आद्याक्षरं आणि मुकुट, कडेने गोल फिरणारा मजकूर, राजा आणि साम्राज्यासाठी सेवा बजावली अशा अर्थाचा. मागे प्रत्येकाचा नंबर. लावायचा तो गणवेशावर नाही, साध्या कोटावर, उजव्या बाजूला. साडेअकरा लाखांच्या आसपास दिले गेले.

तर कोरडा_ठाक, हा बिल्ला ना शौर्याचा ना भरपाईचा. तो रस्त्यावरच्या लोकांसाठी होता, की बाई गं, याला विचारू नकोस, हा जाऊन आलाय. तुमच्या पेन्शनने ट्राममधलं पीस थांबलं नसतं. सातारीच्या पणजोबांना असा एखादा असता तर सासूने बोलायचं थांबवलं असतं का हे मात्र सांगता येत नाही.

सातारी_कंदी

आजीची सासू? छ्या. चांदीचा म्हटल्यावर मोडून पैंजण केलं असतं.

कोरडा_ठाक

हाहाहा. ओवी, हा मुद्दा घेतला. म्हणजे बिल्ला घालणाऱ्यासाठी नसून बघणाऱ्यासाठी. असा विचार केला नव्हता. तरी "मेरिट" शब्दावर मी अडूनच आहे, ते पुसा आणि सरळ "जखमी" लिहा.

खडकवासी

सगळे अमेरिका जर्मनी विलायत फिरून आलात, आता जरा घरी या. आपल्याकडेही जखमींचं पदक आहे, प्रत्यक्ष शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं, इंग्रजीत त्याला नुसतं वूंड मेडल म्हणतात. आणि अधिकृत हिंदी नाव? पराक्रम पदक.

म्हणजे कोरडा, तुम्ही ज्या शब्दावर अडलाय तो आपल्या सरकारने मागे लपवला नाही, नावातच घातला.

मी खडकीतच वाढलो. धागाकर्त्याच्या सासऱ्यांनाही हे नक्की माहीत असणार, तिथे पॅराप्लेजिक सेंटर आहे, पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी, १९७४ पासून. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे जवान आहेत, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, आम्ही शाळेतून बघायला जायचो आणि आमची मॅच त्यांच्याशी लावली की हरायचो, खुर्चीत बसून खेळायचं म्हणजे चेष्टा नाही. तिथेच जवळ क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना हाताला काम शिकवायला काढलेली, नंतर खडकीला आली. आणि पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र, १९४४ पासून. १९७१ च्या लढाईत सुरुंगाने चिंधड्या झालेला स्वतःचाच पाय ज्यांनी खुकरीने तोडायला सांगितला, कोणी धजेना म्हणून स्वतः तोडला, ते गुरखा पलटणीचे इयान कार्डोझो, त्यांचा लाकडी पाय इथलाच, आणि त्या पायावर ते पुढे मेजर जनरल झाले.

अजून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरकडचे, लष्करात बॉक्सिंग करायचे. १९६५ मध्ये गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली ती आजतागायत. उपचार म्हणून पोहायला लावलं आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहून सोनं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. शेहेचाळीस वर्षांनी. पराक्रम कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण गोळी लागण्याच्या क्षणी मोजणी थांबवायची की तिथून सुरू करायची, मला वाटतं भांडण तेवढंच आहे.

रात्रपाळी

+१ खडकवासी.

आणि जखम दिसलीच नाही तर? डोक्याला धक्का बसलेले पेशंट आमच्याकडे येतात, वरून खरचटलेलंही नसतं आणि बायकोचं नाव आठवत नाही. अमेरिकेत मनाच्या आजारासाठी, ते पीटीएसडी म्हणतात त्याला, पर्पल हार्ट द्यायचं नाही असं २००९ मध्ये ठरलं ना?

नाणेवेडा

हो. पदकवाल्यांच्या संघटनेचाच विरोध होता, रक्त सांडल्याशिवाय नाही म्हणून. पण मेंदूला प्रत्यक्ष इजा झाली असेल तर चालतं. जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, आधी सांगितलं कोणालाही काही झालेलं नाही, आणि मग शंभराच्या वर लोकांच्या मेंदूला धक्का बसल्याचं निघालं. आधी २९ जणांना पदक दिलं, पुढच्या वर्षाच्या शेवटी आणखी ३९. तोवर ते डोकेदुखी घेऊन कागद भरत होते.

चिंचेचं_बोटुक

माझी पहिली शंका राहिलीच, जांभळाच का? :(

शाईचा_डाग

वॉशिंग्टनच्या हुकुमात कारण दिलेलं नाही, नुसतं जांभळं एवढंच. डिझायनर म्हणून माझं मत विचाराल तर निळ्या कोटावर लाल हृदय लावलं असतं तर ते रक्त झालं असतं. जांभळं होतं म्हणून दीडशे वर्षांनी ते दोन्ही अर्थांनी चाललं.

हडसनकाठचा

सगळ्यांचे आभार, एवढा चालेल असं वाटलं नव्हतं.

सासऱ्यांना काल रात्री जेवणानंतर अख्खा धागा वाचून दाखवला. आजीची सासू आणि पैंजण यावर बरंच हसले. खडकवासींचा प्रतिसाद आला तेव्हा काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कारखान्याची सकाळची पाळी सुटायची तेव्हा त्या सेंटरची पोरं खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेने यायची, आम्ही सायकली बाजूला घ्यायचो. नावं कोणाची विचारली नाहीत कधी. नमस्कार मात्र रोजचा.

आज सकाळी चहा घेताना विचारत होते, तिथे परत जायला किती पेट्रोल लागेल. मागचं अक्षर बघायचंय त्यांना. मी म्हटलं, आपण पाहिली त्या पेट्यांत सगळी पदकं समोरून लावलेली होती, मागची बाजू दिसणार नाही. तर म्हणतात, त्या म्हाताऱ्याकडे स्वतःचं असेल ना, त्यालाच विचारू.

पुढच्या शनिवारी पाऊस नसला तर जाऊ.